‘आत सूज आहे’ म्हणजे नक्की काय?

गेल्या अंकात हेल्मेटबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की या वेळचं सगळं सदर डोक्याच्या मारालाच द्यायचं ठरवलं. जवळपास प्रत्येक पत्रात एक वाक्य आहेच, “डॉक्टर म्हणाले आत सूज आहे”, आणि प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतात. आपल्याकडे पाय मुरगळला तरी सूज आणि दाढ दुखली तरी सूज, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं चार दिवसांत उतरेल. मेंदूच्या बाबतीत मात्र या एका शब्दात आम्ही डॉक्टर दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक म्हणजे पाणी साठून मेंदू फुगणं, ते स्कॅनमध्ये दिसतं आणि बरेचदा आठ-दहा दिवसांत कमी होतं. दुसरी म्हणजे दाह, म्हणजे शरीराची संरक्षण यंत्रणा जागी होऊन कामाला लागणं, ते साध्या स्कॅनमध्ये दिसत नाही आणि महिनोन्‌महिने चालू राहू शकतं. खालची उत्तरं वाचताना हा फरक डोक्यात ठेवा, पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतील. पत्रं थोडी लहान केली आहेत आणि नावं काढली आहेत.

मॅडम, माझे मिस्टर (वय ४२) रात्री बाईकवरून सिन्नरला घरी येताना स्लिप झाले. दवाखान्यात नेलं तेव्हा शुद्धीवर होते, माझ्याशी बोलले, मोबाईल कुठाय म्हणून विचारलं. तिसऱ्या दिवशी एकदम गुंगीत गेले आणि व्हेंटिलेटरवर घ्यावं लागलं. आता दोन महिन्यांनी घरी आहेत, चालतात पण सासरचे म्हणतात चुकीचं इंजेक्शन दिलं असणार. चांगला बोलणारा माणूस तिसऱ्या दिवशी असा कसा होतो?

ताई, पहिलं म्हणजे ते घरी आलेत आणि चालतायत हे वाचून खूप बरं वाटलं. त्यांचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्या दवाखान्याबद्दल बरं किंवा वाईट काही बोलत नाही, पण बोलणारा पेशंट दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बिघडणं हे डोक्याच्या मारात आम्ही नेहमी बघतो आणि त्याला चुकीचं इंजेक्शन लागत नाही.

मेंदूचा मार दोन हप्त्यांत, म्हणजे दोन टप्प्यांत होतो. पहिला हप्ता रस्त्यावर, एका क्षणात. काही रक्तवाहिन्या फुटतात, काही चेतापेशी तिथेच मरतात, तो भाग कुठल्याच डॉक्टरच्या हातात नसतो. दुसरा हप्ता त्यानंतर काही मिनिटांतच सुरू होतो आणि तास, दिवस, कधी आठवडे चालतो, आणि यात ज्या पेशी मरतात त्यांना अपघातात मार लागलेलाच नसतो. ग्लुटामेट नावाचं एक रसायन आहे, एक चेतापेशी दुसरीला निरोप देते तो याच्यातून देते, अगदी चिमूटभर लागतं आणि काम झालं की लगेच उचललं जातं. पेशी फुटल्या की हे सगळं एकदम बाहेर सांडतं, मग शेजारच्या धडधाकट पेशींची दारं उघडीच राहतात, त्यांच्यात कॅल्शियम बेसुमार घुसतं, पेशीला ऊर्जा देणारे मायटोकॉन्ड्रिया बंद पडायला लागतात आणि आतले एन्झाईम त्या पेशीचाच सांगाडा कुरतडायला लागतात. ऊर्जा संपली की मीठ-पाणी बाहेर ढकलणारे पंप थांबतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगते. जोडीला रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपायला लागतात, ते पाणी वेगळं.

आता पाय सुजला तर कातडी ताणते. मेंदू साधारण चौदाशे ग्रॅमचा आणि तो बसलाय हाडाच्या बंद डब्यात, ताणायला जागाच नाही. थोडी सूज असेपर्यंत मेंदूभोवतीचं पाणी आणि शिरांमधलं रक्त बाजूला सरकून जागा करून देतं, म्हणून पहिल्या दिवशी माणूस बोलतो, मोबाईल विचारतो. ती जागा संपली की मग थोडी जरी सूज वाढली तरी आतला दाब झपकन चढतो. एरवी हा दाब (बीपीसारखाच पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात) पंधराच्या आत असतो, बावीसच्या वर टिकून राहिला तर आम्ही उपाय सुरू करतो, कारण दाब वाढला की मेंदूकडे जाणारं रक्त कमी पडतं, रक्त कमी पडलं की आणखी पेशी फुगतात आणि हे चक्र सुरूच राहतं. ही सूज बऱ्याचदा तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास सगळ्यात जास्त असते. तुमचा तिसरा दिवस त्यातलाच असावा.

आयसीयूत तुम्ही काचेतून बघितलं असेल, सिस्टर दर तासाला येऊन डोळ्यात टॉर्च मारते, पलंगाची डोक्याकडची बाजू तीस अंश वर आहे ना बघते आणि मान एका बाजूला कलली असेल तर दोन्ही हातांनी सरळ करून उशी नीट लावते. बाहेर बसलेल्या नातेवाईकांना वाटतं हे काय नुसतं उशी सरकवतायत. पण मान वाकडी राहिली तर मेंदूतून रक्त खाली आणणाऱ्या गळ्याच्या शिरा दबतात आणि आतला दाब वाढतो. बाहुलीचा आकार बदलला तर आत मेंदू सरकायला लागलाय हे तिला सगळ्यात आधी कळतं. व्हेंटिलेटर, झोपेची औषधं, मेंदूतलं पाणी ओढून घेणारं मॅनिटॉल किंवा जास्त मिठाचं सलाईन, काहींना कवटीचा तुकडा तात्पुरता काढून ठेवणं, ह्या सगळ्याचा उद्देश एकच की दुसऱ्या हप्त्यात कमीत कमी पेशी जाव्यात. रस्त्यापासूनच हे सुरू होतं. डोक्याला जबर मार असलेल्या पेशंटचं वरचं बीपी एकदा जरी नव्वदच्या खाली गेलं तरी मृत्यूचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं असं १९९३ च्या एका मोठ्या अमेरिकन पाहणीत दिसलं होतं. म्हणून मी सारखी सांगते, पेशंटला रिक्षात आडवा-तिडवा कोंबून नेण्यापेक्षा १०८ ला फोन करा, ऑक्सिजन आणि सलाईन जागेवर सुरू होतं. आणि मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही भीती काढून टाका, २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यातच त्याला संरक्षण आहे.

भाऊ (वय २६) अंबडला कंपनीत आहे, मुंबई नाक्याजवळ कारने उडवलं. सीटी स्कॅन दोनदा केला, दोन्ही वेळा “विशेष काही नाही” असंच आलं. तरी बारा दिवस झाले डोळे उघडत नाही. स्कॅन नॉर्मल तर माणूस उठत का नाही? आम्ही दुसरीकडे हलवू का?

दादा, हा प्रश्न वाचून तुमची घालमेल समजते. रिपोर्टच चांगला म्हटल्यावर आशा लागते आणि समोर भाऊ तर उठत नाही.

खरवसाचा स्टीलचा डबा डोळ्यासमोर आणा. डबा जोरात आपटला नाही, नुसता झटक्यात फिरवला तरी आतला खरवस डब्याच्या वेगाने फिरत नाही, मागे राहतो, आणि आत बारीक चिरा पडतात. मेंदूही तसाच मऊ. गाडीने उडवल्यावर डोकं गर्रकन फिरतं तेव्हा मेंदूचे थर एकमेकांवर सरकतात आणि चेतापेशींचे लांब धागे, ज्यांना अ‍ॅक्सॉन म्हणतात, ते ताणले-पिळले जातात. मोठं रक्त साकळलेलं नसतं, म्हणून सीटी स्वच्छ दिसतो. रक्ताचे बारीक ठिपके दाखवणारा एक खास प्रकारचा एमआरआय असतो, त्यात हे बरेचदा दिसतं. तो झालाय का ते विचारा, आणि नसेल तर पेशंट स्थिर असताना करता येईल का ते विचारा.

बरं, हे धागे त्या क्षणी पटापट तुटतात असंही नाही, बहुतेक नंतर तुटतात. तुमच्याकडे किंवा ओळखीत कुणाकडे द्राक्षबाग असेल तर ठिबकची नळी बघितली असेल. नळी एका जागी मुरडली की पाणी पुढे जात नाही, मुरडीच्या मागे नळी फुगते आणि पुढची वेल सुकायला लागते. अ‍ॅक्सॉनचं अगदी हेच होतं. त्याच्या आतून पेशीच्या केंद्रापासून टोकापर्यंत माल वाहून नेणारी बारीक रुळासारखी व्यवस्था असते, ताण बसला की ते रूळ मोडतात, माल तिथेच साठतो, धाग्याला गाठीसारखा फुगवटा येतो आणि काही तासांनी किंवा दिवसांनी धागा त्या जागी सुटतो. मग पुढचा तुटका भाग आवरायला दाह तिथे पोचतो, त्याबद्दल खालच्या उत्तरात लिहिलंय.

जागेपण टिकवणाऱ्या वायरी मेंदूच्या मधून आणि खोडातून जातात, त्या दुखावल्या की माणूस उठत नाही. पण सगळ्या वायरी तुटलेल्या नसतात, काही नुसत्या मुरडलेल्या असतात आणि त्या हळूहळू चालू होतात, म्हणून बारा दिवसांवरून काहीही ठरवू नका. सिस्टरला रोज जीसीएसचा आकडा विचारा, ग्लासगोच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढलेली ही मोजपट्टी आहे, तीनपासून पंधरापर्यंत, डोळे, बोलणं आणि हालचाल यांचे मार्क. एक-एक मार्क वाढतोय का हे बघणं रोजच्या “कसं आहे?” पेक्षा जास्त उपयोगाचं. हलवण्याबद्दल, जिथे न्यूरोसर्जन आणि चोवीस तास आयसीयू आहे तिथेच असाल तर नुसत्या अस्वस्थतेपोटी हलवू नका, अ‍ॅम्ब्युलन्समध्ये बीपी किंवा ऑक्सिजन घसरला तर तो दुसरा हप्ता वाढतो.

माझ्या मावशीला ब्रेन ट्यूमर होता तेव्हा स्टेरॉइड दिल्यावर दोन दिवसांत सूज उतरली आणि ती बोलायला लागली होती. आता मामेभावाच्या डोक्याला मार लागलाय तर डॉक्टर स्टेरॉइड द्यायला तयार नाहीत, आम्ही हात जोडले तरी नाही म्हणतात. सूज तर दोन्हीकडे सूजच ना?

नाही हो, आणि तुमच्या डॉक्टरांनी नाही म्हटलं ते अगदी बरोबर केलं.

खरं सांगायचं तर तुमच्यासारखाच विचार जगभरचे डॉक्टर कित्येक वर्षं करत होते. दाह होतो, स्टेरॉइडने दाह कमी होतो, मग द्या. १९९९ मध्ये क्रॅश नावाची एक प्रचंड चाचणी सुरू झाली. वीस हजार पेशंट घ्यायचे ठरले होते. अर्ध्या पेशंटना मिथाइलप्रेडनिसोलोन नावाचं स्टेरॉइड आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं नुसतं पाणी, कुणाला काय दिलं हे देणाऱ्यालाही माहीत नाही. २००४ मध्ये दहा हजार आठ पेशंट झाल्यावर ती मध्येच थांबवावी लागली, कारण स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये दोन आठवड्यांत २१.१ टक्के दगावले होते आणि न दिलेल्यांमध्ये १७.९ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन माणसं जास्त, त्या औषधामुळे, जे सगळे चांगल्या मनाने देत होते. मला हा आकडा कधीही विसरता येत नाही. त्यानंतर डोक्याच्या मारासाठी स्टेरॉइड बंद झालं आणि आजही बंदच आहे.

मावशीच्या बाबतीत काय झालं तर ट्यूमरच्या रक्तवाहिन्या कच्च्या असतात, त्यातून पाणी झिरपतं, स्टेरॉइड ती गळती कमी करतं. मारामध्ये बरीचशी सूज पेशींच्या आतली असते, ऊर्जा संपून पाणी आत शिरलेलं असतं, तिथे स्टेरॉइडचा हात पोचत नाही. उलट साखर वाढते, इन्फेक्शनशी लढायची ताकद कमी होते. आणि तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे दाह सगळाच वाईट नसतो.

मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी आहेत, स्पेनच्या पिओ देल रिओ-ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्या वेगळ्या ओळखून त्यांना हे नाव दिलं. गर्भ अगदी सुरुवातीच्या अवस्थेत असतानाच त्या मेंदूत येऊन राहतात आणि मग जन्मभर तिथेच असतात. बरीच वर्षं समज होता की काही झालं नाही तर त्या नुसत्या बसून असतात. २००५ मध्ये जिवंत उंदरांच्या मेंदूत सूक्ष्मदर्शकाने बघितलं तर त्या बसलेल्या नव्हत्या, आपल्या बारीक फांद्या सतत लांब करत, मागे घेत, आजूबाजूची प्रत्येक जागा चाचपत होत्या, आणि लेसरने अगदी टाचणीच्या टोकाहूनही बारीक जखम केल्यावर काही मिनिटांत आजूबाजूच्या सगळ्यांनी फांद्या तिकडे वळवून ती जखम चारी बाजूंनी वेढून टाकली. मला तो प्रकार पहिल्यांदा बघितला तेव्हा शेजारी आग लागल्यावर सगळी आळी बादल्या घेऊन धावते तसंच वाटलं होतं.

फुटलेल्या पेशींतून जी रसायनं सांडतात तीच त्यांची हाक. मग मायक्रोग्लिया रूप बदलतात, फांद्या आखडून जाड होतात, कचरा गिळायला लागतात आणि इंटरल्युकिन-वन, टीएनएफ अशी रसायनं सोडून मदत बोलावतात. काही तासांत रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, पुढच्या काही दिवसांत कचरा गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी. एरवी मेंदू आणि रक्त यांच्यात कडक बंदोबस्त असतो पण मारामुळे तो ढिला पडलेला असतो. या सगळ्यांनी मेलेल्या पेशी उचलल्या, जखम बांधून घातली तर फायदाच आहे. तारेसारख्या दिसणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी जखमेभोवती कुंपण घालतात, उंदरांमध्ये त्या काढून टाकल्या तर दाह पसरला आणि जास्त चेतापेशी गेल्या. पण हीच यंत्रणा जास्त वेळ आणि जास्त जोरात चालू राहिली तर त्याच रसायनांनी आणि फ्री रॅडिकल्सनी शेजारच्या वाचलेल्या चेतापेशी आणि धाग्यांवरची आवरणं खराब होतात. म्हणजे तीच पेशी सोमवारी साफसफाई करतेय आणि पुढच्या महिन्यात नुकसान करतेय असं होऊ शकतं. मग सगळ्याला एकदम कुलूप घालणारं औषध कसं चालेल? कुठला भाग थांबवायचा, कधी थांबवायचा, यावर काम चालू आहे. प्रोजेस्टेरॉन या हार्मोनवर खूप आशा होती, प्राण्यांमध्ये छान निकाल होते, पण माणसांवरच्या दोन मोठ्या चाचण्या २०१४ मध्ये फेल गेल्या.

हो, एक औषध लवकर दिलं तर उपयोगी पडतं, ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड, ते दाहाचं नाही तर रक्तस्राव कमी करणारं आहे. २०१९ च्या क्रॅश-३ चाचणीत हलक्या आणि मध्यम मारात तीन तासांच्या आत दिल्यावर डोक्याच्या मारामुळे होणारे मृत्यू कमी झाले. तीन तासांच्या आत हा शब्द महत्त्वाचा, घोटी-कसाऱ्याकडून किंवा कळवण-सुरगाण्याकडून पेशंट आणताना अर्धा वेळ तर “आधी गावातल्या डॉक्टरला दाखवू” यातच जातो.

हळदीचं दूध, बदाम, ब्राह्मी आणि मेंदूच्या ताकदीची इंजेक्शनं चालू केली आहेत. सूज लवकर उतरेल ना?

हळद-दूध आवडत असेल तर प्यायला द्या, गिळायला अडचण नसेल तर. हळदीतलं कुरकुमिन लॅबमध्ये दाह कमी करतं हे खरं आहे, पण पोटातून ते रक्तात फारच थोडं पोचतं, त्यामुळे कपभर दुधाने मेंदूतला दाह उतरेल असं मी सांगणार नाही. महागड्या गोळ्या-इंजेक्शनांबद्दल मात्र स्पष्ट बोलते. मेंदूच्या ताकदीचं म्हणून सिटीकोलिन आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. अमेरिकेत बाराशेहून जास्त पेशंटवर त्याची चाचणी झाली, २०१२ मध्ये निकाल आला, फायदा दिसला नाही. तेच पैसे फिजिओथेरपिस्ट आणि स्पीच थेरपिस्टला द्या, कानातले गहाण टाकून इंजेक्शनं आणणारी बायामाणसं मी बघितली आहेत, फार वाईट वाटतं. आयुर्वेदिक काही चालू असेल तर न्यूरोच्या डॉक्टरांना लपवू नका, फिटच्या गोळ्यांबरोबर काय चालतं ते त्यांना बघू दे.

नवऱ्याचा अ‍ॅक्सिडेंट होऊन आठ महिने झाले. हातपाय चालतात, जखम भरली, लोक म्हणतात बरा झाला. पण हा माणूस माझ्या ओळखीचा नाही. भाजीत मीठ कमी म्हणून ताट भिरकावलं, मुलीच्या वाढदिवसाला गर्दी बघून रडायला लागले. सकाळी सांगितलेलं दुपारी आठवत नाही, दिवसभर थकलेले. सासूबाई म्हणतात काम टाळायला नाटक करतो, नणंद म्हणते बाहेरचं काही असेल, देवऋषाकडे नेऊ. मी काय करू? (पंचवटी)

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. हे नाटक नाही आणि बाहेरचंही काही नाही. सासूबाई आणि नणंदबाईंनाही हे उत्तर वाचायला द्या.

कवटीचा तळ आतून गुळगुळीत नसतो, कपाळामागे आणि कानशिलापाशी हाडाचे खडबडीत कंगोरे असतात. झटका बसला की मेंदूचे नेमके तेच भाग त्यावर घासतात, आणि राग आवरणं, थांबणं, विचार करून बोलणं, नवीन गोष्ट लक्षात ठेवणं ही कामं तिथेच चालतात. म्हणजे ताट भिरकावताना त्यांना राग नवीन आलेला नाही, राग सगळ्यांनाच येतो, तो आवरणारा हात दुखावलाय. गर्दीचं तसंच. चार जण एकदम बोलतात, वर गाणी लागलेली असतात, फुगे फुटतात, हे सगळं गाळून एका माणसाकडे लक्ष देणं हे मेंदूला किती मोठं काम आहे ते आपल्याला ज्या दिवशी जमत नाही त्या दिवशीच कळतं.

आणि इथे तो दुसरा अर्थ येतो, दाह. पाणी साठलेली सूज कधीच उतरलीये, स्कॅन चांगला दिसतो, पण दाह उतरलेला असेलच असं नाही. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी जागे झालेले मायक्रोग्लिया दाखवणारा एक खास पेट स्कॅन वापरून दहा जणांचा मेंदू तपासला, मार लागून कुणाला अकरा महिने झाले होते तर कुणाला सतरा वर्षं, आणि मेंदूच्या आतल्या भागांत, जिथे थेट मार लागला होता तिथून लांबसुद्धा, हे मायक्रोग्लिया अजून जागेच होते. तापात आपल्याला कसं अंग गळून जातं, चिडचिड होते, बोलणं नको वाटतं, ते ताप आणणाऱ्या जंतूने थेट होत नाही, त्याच दाहाच्या रसायनांनी होतं. तुमच्या मिस्टरांच्या थकव्यातही या रसायनांचा वाटा असू शकतो. हा दाह बंद करणारी खात्रीची गोळी आज माझ्याकडे नाही, पण बाकी करण्यासारखं खूप आहे.

दिवसाचा साचा ठरवा, उठणं, आंघोळ, जेवण, फिरणं सगळं ठरल्या वेळी. एक दोनशे पानी वही आणि तिला दोरीने बांधलेलं पेन ओट्याशेजारी टांगा, जे सांगायचं ते त्यात लिहायचं आणि झालं की त्यांनी स्वतः खूण करायची. माझ्या एका पेशंटच्या बायकोने वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात फक्त “आज कोणता वार?” लिहून पुढे रोज खडूने वार लिहायची छोटी पाटी चिकटवली होती, तीन आठवड्यांत त्यांचं दिवसातून वीस वेळा विचारणं थांबलं. एका वेळी एकच काम, एकच माणूस बोलणारा, टीव्ही बंद. रागाचा भडका आला की वाद घालू नका, खोलीतून बाजूला व्हा, वीस मिनिटांनी बोला, मुलीलाही हे शिकवा आणि तिला सांगा की बाबा तुझ्यावर चिडत नाहीत. झोप नीट होतेय का बघा, जोरात घोरत असतील तर तपासून घ्या. दारू अजिबात नाही, दाहही वाढतो आणि फिट यायची भीतीही. गाडी चालवायला डॉक्टर हो म्हणेपर्यंत चावी तुमच्याकडे. न्यूरोच्या डॉक्टरांबरोबर मानसोपचार तज्ज्ञांनाही दाखवा, मारानंतर डिप्रेशन खूप जणांना येतं आणि त्यावर औषधं आहेत, चांगली आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खर्चाची काळजी असेल तर तिथे जा.

आणि तुम्ही. आठवड्यातून दोन तास कुणीतरी त्यांच्याजवळ बसेल आणि तुम्ही बाहेर पडाल अशी सोय करा, गोदाकाठी नुसतं बसून या हवं तर. तुमची झोप आणि जेवण हा सुद्धा त्यांच्या उपचाराचा भाग आहे असं मी नातेवाईकांना नेहमी सांगते आणि मनापासून सांगते.

आजी (७८) बाथरूममध्ये घसरली, डोक्याला टेंगूळ आलं आणि गेलं. आता महिन्याने चालताना डावीकडे झुकते, बोलणं अडखळतं, झोपूनच असते. वय झालं म्हणून असेल का? हृदयासाठी रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. (नाशिक रोड)

वय झालं म्हणून नाही. आजच सीटी स्कॅन करा, हा अंक हातात पडल्यावर लगेच. म्हाताऱ्या माणसाचा मेंदू थोडा आक्रसलेला असतो, कवटीपासून त्याच्याकडे जाणाऱ्या बारीक शिरा ताणलेल्या असतात, साध्या पडण्यानेही एखादी फाटते आणि मेंदूच्या आवरणाखाली थेंब-थेंब रक्त साठतं. त्या रक्ताभोवती दाहामुळे एक पडदा तयार होतो, त्या पडद्यात नवीन कच्च्या रक्तवाहिन्या येतात, त्या पुन्हा गळतात, असं तीन-चार आठवडे वाढत जातं. बरेचदा कवटीला लहान भोक पाडून ते काढता येतं आणि माणूस छान सुधारतो. रक्त पातळ करायची गोळी मनाने बंद करू नका, स्कॅन दाखवून डॉक्टरांनाच ठरवू दे.

डोक्याला लागलं की झोपू द्यायचं नाही म्हणतात, खरं का?

झोप वाईट नाही, पण पहिल्या रात्री दोन-तीन तासांनी हलवून उठवा आणि नाव, गाव विचारा. नीट उठत नसेल, सारखी उलटी होत असेल, डोकेदुखी वाढत असेल, एक बाहुली मोठी दिसत असेल, फिट आली, नाका-कानातून पाण्यासारखं काही येत असेल तर सकाळची वाट बघू नका.

कॉलेजच्या मॅचमध्ये बाऊन्सर हेल्मेटवर बसला. बेशुद्ध नाही पडलो पण दिवसभर डोकं जड आणि उजेड सहन होत नव्हता. चार दिवस झाले, आता थोडंसंच दुखतं. रविवारी फायनल आहे, खेळू ना?

नाही. या रविवारी नाही.

हेल्मेटने कवटी वाचवली, पण मेंदू आत हललाच. वर सगळ्यात आधी लिहिलेलं ग्लुटामेट-कॅल्शियमचं प्रकरण छोट्या प्रमाणात तुझ्याही डोक्यात झालंय, पेशी मेल्या नसतील पण मीठ-पाण्याचा हिशोब पुन्हा बसवताना त्यांची ऊर्जा खर्च होतेय आणि पुरवठा कमी पडतोय, अशात दुसरा मार बसला तर पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त नुकसान होतं. म्हणूनच आयसीसीने ऑगस्ट २०१९ पासून कन्कशनचा, म्हणजे डोक्याला असा मार बसलेल्याच्या जागी, बदली खेळाडू द्यायला सुरुवात केली आणि त्याच महिन्यात लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला बाहेर बसवून लाबुशेनला खेळवलं, अ‍ॅशेस असूनही.

पहिले एक-दोन दिवस आराम आणि मोबाईल कमी, ते तू केलं असशील, आता रोज चालायला सुरुवात कर. चालून डोकं दुखलं नाही तर दुसऱ्या दिवशी हलकं पळणं, मग एकट्याने सराव, मग डॉक्टरांनी तपासून हो म्हटलं तर नेट्स, मग मॅच. प्रत्येक पायरीला निदान एक पूर्ण दिवस, आणि कुठेही डोकं दुखलं किंवा चक्कर आली तर एक पायरी मागे. कॅप्टन ऐकत नसेल तर त्याला हे पान दाखव. आणि त्या बाऊन्सरचं हेल्मेट आता पुन्हा वापरू नकोस, आतला फोम एकदा दबला की दुसऱ्या वेळी तितकं वाचवत नाही.